गल्लीभर चेहऱ्यांचा भार

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. आता तुम्ही विचाराल, पॉवर सप्लाय म्हणजे काय. विचारा, मला सवय आहे. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पंखा असलेली एक पत्र्याची पेटी असते. भिंतीतून आलेली जाड वायर जिच्यात खुपसतात, ती पेटी म्हणजे मी. भिंतीतली वीज फार जोरकस असते. ती जशीच्या तशी आत सोडली, तर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम ही नाजूक मंडळी तिथल्या तिथे जळून जातील. म्हणून ती आधी मी माझ्या अंगावर घेतो, तिचा जोर उतरवतो आणि ज्याला जेवढी सोसेल तेवढी वाटून देतो. सगळ्यांना वाढून झालं की माझ्या वाट्याला उष्णता तेवढी उरते.

मित्रांनो, कुणाच्या घरी कॉम्प्युटर आला की तुम्ही काय विचारता? रॅम किती, प्रोसेसर कोणता, स्क्रीन केवढी. 'पॉवर सप्लाय कोणता बसवलाय' असं विचारणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. हे मी रागाने सांगत नाही. बरं, रागानेच सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. कुणी माझ्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली, कुणी झाकण लावून स्क्रू पिळले आणि शेवटी एकाने माझ्या कुशीवर लेबल चिकटवलं. त्यावर साडेचारशे वॅट असं छापलेलं होतं. ते वाचून मलाच घाम फुटला. एवढी ताकद माझ्यात कधीच नव्हती. स्वस्तातल्या मालावर असं वाढवून लिहायची पद्धतच आहे म्हणे. लिहिणारा लिहून मोकळा झाला, आणि ते निभवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सोलापुरात मी पहिल्यांदा एसटी स्टँडजवळच्या एका नेट कॅफेत लागलो. कॅफेवाल्याने माझ्या पाठीवर पिवळा कागद डकवला, 'टेबल नं. ६'. माढ्याहून, दुधनीहून, केमहून पोरं भरतीचे फॉर्म भरायला यायची. शेवटच्या तारखेला साइट अडकायची तिकडे कुठेतरी, आणि थाप पडायची इकडे आमच्या डोक्यावर. फॉर्म भरला गेला की पोरं प्रिंटरला हात जोडायची. मला कुणी हात जोडले नाहीत. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, कॅफे बसला आणि आमचा सगळा डबा पारूबाईंनी विकत घेतला, त्यांच्या मुलीसाठी.

पारूबाई विड्या वळतात. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, सिद्राम टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन. ते दिवसभर आतल्या खोलीत झोपलेले असतात, त्यामुळे या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत करावी लागतात. घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आहे आणि गल्लीच्या तोंडाशी यंत्रमागाचं शेड. पाळी बदलली आणि सगळे माग एकदम सुरू झाले की आमच्याकडचा दिवा मलूल होतो. त्या वेळी आतल्या मंडळींना काही कळू न देता सगळं सांभाळून घ्यायचं काम कुणाचं, ते वेगळं सांगायला नको.

मुलीचं नाव प्रतिक्षा. तिने डिझाईनचा कोर्स केला होता आणि ती घरी बसून 'डिजिटल' बनवायची. आमच्याकडे चौकात बांधतात त्या छापील फलकाला डिजिटल म्हणतात. वाढदिवसाचं डिजिटल, बारशाचं डिजिटल, श्रद्धांजलीचं डिजिटल. ती फाइल तयार करायची आणि रुद्रप्पांच्या दुकानात ती छापली जायची. काम चांगलं होतं, पण नेमाने मिळत नव्हतं. पुण्याकडच्या मामाने तिच्यासाठी चाकणला एका कंपनीत पॅकिंगची नोकरी बघून ठेवली होती. पारूबाईंनी एकदा विडीचं पान कापता कापता सांगून टाकलं, "जयंतीपतुर बघू. हितंच काम लागलं तर रहा. न्हाईतर मामाकडं जायाचं, मग रडायचं न्हाय."

आणि त्या वर्षी गल्लीच्या मंडळाने जयंतीचं मोठं डिजिटल पहिल्यांदाच गल्लीतल्या मुलीला दिलं. मंडळाचा अध्यक्ष अभिमन्यू स्वतः दारात येऊन "जयभीम ताई, यंदा तुमीच करा" असं म्हणून गेला. रुद्रप्पा फोनवर म्हणाले, "ही फाइल वेळेवर आणि नीट आली की पुढचं सगळं डिझाईन तुमच्याकडंच. मला बी आता डोळ्यानं दिसंना झालंय." एका डिजिटलवर मुलीचं सोलापुरात राहणं न राहणं अवलंबून होतं. एवढं सगळं माझ्या वायरींमधून जाणार होतं आणि तरी माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

आता मित्रांनो, जयंतीचं डिजिटल म्हणजे काय ते ऐका. मधोमध बाबासाहेबांचा मोठा फोटो, मागे निळी झळाळी, वर मंडळाचं नाव. एवढ्यावर थांबलं असतं तर मीही सुखात राहिलो असतो. पण खाली असतात शुभेच्छुक. ओळीच्या ओळी चेहरे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार, मार्गदर्शक, आधारस्तंभ, मग कार्यकर्ते, मग कार्यकर्त्यांचे धाकटे भाऊ. एकही चेहरा सुटलेला चालत नाही. सुटला तर त्या घरातून पुढच्या वर्षी वर्गणी येत नाही आणि विहिरीवर, म्हणजे आता नळावर, बायका एकमेकींशी बोलत नाहीत. फोटोही कसले यायचे. एकाने आधार कार्डावरचा पाठवला. एकाने लग्नातला पाठवला, त्यात नवरीचा अर्धा खांदा. कालकथित झालेल्या एका आजोबांचा फोटो भिंतीवरून काढून आणला, त्यावर ट्यूबलाइटची चकाकी. आणि एक काळा गॉगल लावून मित्राच्या मोटारसायकलवर बसलेला. हा आमच्याच घरातला, प्रतिक्षाचा धाकटा भाऊ दिपक.

बरं, फोटो आला की लहान करून बसवावा ना? नाही. उद्या खजिनदार म्हणणार, 'उपाध्यक्ष माझ्यापेक्षा मोठा दिसतोय.' मग त्याला मोठा करावा लागणार आणि चेहरा फाटणार. म्हणून प्रतिक्षा प्रत्येकाचा फोटो अख्खाच्या अख्खा आत ठेवायची. फाइल एवढी जड झाली की एक चेहरा इकडचा तिकडे सरकवायला चहा करून पिण्याइतका वेळ लागू लागला. जुनी रॅम धापा टाकत होती, जुना प्रोसेसर तापत होता. आणि ही मंडळी राबली म्हणजे मी राबलोच.

शेवटी ठरलं की कॉम्प्युटर आतून बदलायचा. पैसे बेताचे होते, प्रतिक्षाच्या लग्नपत्रिकांच्या कामातले आणि पारूबाईंच्या विड्यांमधले. तिने रुद्रप्पांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"हौदु, हौदु, बदलाच," रुद्रप्पांनी कानडीत होकार भरला. "बोर्ड आणि प्रोसेसर जुनाच चांगला बघून घ्या, जोडीनं मिळतंय. रॅम नवी घ्या. हार्ड डिस्कच्या ठिकाणी एसएसडी टाका, फाइल पटकन उघडंल. आणि ताई, पॉवर सप्लाय बदला. त्यो विसरू नका. म्हातारा झालाय त्यो."

म्हातारा म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी माझं नाव घेतलं याचंच बरं वाटलं. सुटका जवळ आली असं मी धरून चाललो.

पण प्रतिक्षाला रुद्रप्पांच्या दुकानात छपाईचं काम समजून घ्यायला जायचं होतं, म्हणून सामान आणायला दिपकला पाठवलं. दिपक मोबाइल दुरुस्तीचा कोर्स करत होता आणि व्हिडिओ बघून सगळ्या गल्लीला सल्ले देत होता. त्याने बोर्ड आणला, प्रोसेसर आणला, रॅम आणि एसएसडी आणली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याला होटगी रोडवरच्या एका मित्राकडे जुनं ग्राफिक्स कार्ड दिसलं. दोन पंख्यांचं, आतून लाल दिवा लागणारं. त्यावर म्हणे सगळे गेम चालतात. माझ्या जागी येणाऱ्या नव्या पॉवर सप्लायचे पैसे त्या कार्डात गेले. घरी येऊन तो मित्राला फोनवर सांगत होता, "पॉवर सप्लायनं काय स्पीड वाढतो व्हय? करंट तर करंटच असतोय की."

हे वाक्य मी आजवर कितीदा ऐकलं असेल. असो.

पण बहिणीला काय सांगायचं, हा त्याच्यापुढे प्रश्न होता. त्याने मला स्क्रू काढून बाहेर घेतलं. मला परसात दगडावर ठेवलं. मग तो मोटारसायकलच्या मडगार्डला मारायचा काळा स्प्रे घेऊन आला. मित्रांनो, त्याने मला रंग मारला. पांढऱ्या पत्र्याच्या माझ्या अंगाला, जन्मापासून जसा होतो तशा मला, काळं केलं. पंखा झाकायचंही त्याला सुचलं नाही. माझ्या जाळीची निम्मी भोकं रंगाने बुजली. पंख्याच्या पात्यांवर थेंब वाळले आणि तो फिरताना खरखरू लागला. पाठीवरचा पिवळा कागद काढायचाही कंटाळा केला त्याने, त्याच्यावरूनच रंग फिरवला. आणि वर माझ्याकडे लांबून बघून म्हणाला, "एकदम नवा दिसतोय."

संध्याकाळी प्रतिक्षा आली. सगळं जोडून तयार होतं.

"पॉवर सप्लाय नवा बसवलास ना?"

"व्हय की. बघ की मागनं, काळा हाय. आधीचा पांढरा हुता."

"आन वास कसला येतोय?"

"नव्या मालाला वास असतोच."

"ह्ये लाल दिव्याचं काय हाय?"

"त्ये मित्रानं असंच दिलं. डिझाईनला बी उपयोगी पडतंय."

तिने विश्वास ठेवला. भावावर ठेवतात तसा ठेवला. मी आतून किती ओरडलो असेन, पण माझा आवाज म्हणजे पंख्याची खरखर. 'नवा पंखा जरा आवाज करतोय' एवढंच ती म्हणाली.

आता डब्यात नवी मंडळी आली होती. प्रोसेसर आल्या दिवसापासून तोऱ्यात. रॅम फार बोलत नसे, पण सगळं कौतुक तिलाच. "रॅम टाकल्यापास्नं कसं भराभर चाललंय बघ," पारूबाईसुद्धा म्हणाल्या. त्यांना रॅम म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तरीही. आणि ते ग्राफिक्स कार्ड! पंगतीत कुणी आग्रह न करताही तीन वेळा जिलेबी मागून घेणारा पाहुणा असतो ना, तसं त्याचं पोट. बाकी सगळे मिळून जेवढं खायचे तेवढं ते एकटं खायचं. मी म्हातारा, माझी भोकं बुजलेली, बाहेर एप्रिलचं ऊन. सोलापूरचं एप्रिलचं ऊन म्हणजे काय ते इथल्या माणसांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही.

प्रतिक्षा दुकानात गेली की दिपक गेम लावायचा. कार्ड तोंड उघडायचं, मी तापत जायचो आणि एका क्षणी सगळं बंद करून टाकायचो. मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मी बंद पडत नव्हतो. मी बंद करत होतो. मी तेवढं केलं नसतं तर पारूबाईंच्या विड्यांमधून आलेला तो बोर्ड आणि ती रॅम एका दिवसात जळून गेली असती. दिपक दर वेळी इकडेतिकडे बघायचा, गुपचूप परत बटण दाबायचा आणि बहिणीला काही सांगायचा नाही.

मग तेच तिच्या कामात होऊ लागलं. साधं काम असेपर्यंत मी निभवून न्यायचो. पण डिजिटल छपाईसाठी पाठवायचं, तर त्या थरावर थर रचलेल्या फाइलची शेवटी एकच सपाट फाइल करावी लागते. तेव्हा प्रोसेसर आणि कार्ड दोघं एकदम तुटून पडायचे. किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर यायची आणि अंधार. प्रतिक्षाचं सकाळपासूनचं काम गेलं. तिने डोक्याला हात लावला.

"लाईट कमी-जास्त होतीय," दिपक म्हणाला. "माग सुरू झालं की असंच होतंय."

बिचाऱ्या मागांवर आळ आला. मग रॅमवर आला. दिपकने रॅम काढली आणि शाळेतल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले. हा आमच्याकडचा रामबाण उपाय आहे, कॉम्प्युटरला काहीही झालं की रॅम घासतात. मग डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. त्याची हवा प्रोसेसरला लागली, कार्डाला लागली, मी कोपऱ्यात कोरडाच. पुन्हा अंधार. सगळ्यांवर आळ येऊन गेला, फक्त मी सोडून. का? कारण मी नवा होतो ना.

आणि या सगळ्यात रोज अभिमन्यू यायचा, मोबाइलमध्ये नवा चेहरा घेऊन. "ताई, एक ऱ्हायलाच बघा. धाकट्या चुलत्याचा पोरगा. नाराज हुतंय." प्रतिक्षा दात-ओठ खाऊन तो चेहरा बसवायची. मी दात-ओठ खाऊन तो उचलायचो.

शेवटचा दिवस आला. रुद्रप्पांच्या दुकानात सगळ्या गल्ल्यांची कामं रांगेत होती. त्यांनी यंत्र दिवेलागणीपर्यंत आमच्यासाठी मोकळं ठेवतो म्हणून सांगितलं होतं, त्यापुढे नाही. दुपारपासून अभिमन्यू उंबऱ्यावर बसून होता. सिद्राम आत झोपलेले. पारूबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या, पण त्यांचे हात मधूनमधून थांबत होते. प्रतिक्षाने बटण दाबलं, पट्टी सरकू लागली, मी जीव खाऊन ओढलं, आणि नाहीच झेपलं. अंधार.

अभिमन्यू हळू आवाजात म्हणाला, "ताई, राग मानू नका. जमत नसंल तर आत्ताच सांगा. सात रस्त्याला मोठं दुकान हाय, तितं टाकतो. चौक मोकळा ठेवता येत न्हाय वो मला."

पारूबाईंनी मुलीकडे बघितलं नाही. त्या सुपातली तंबाखू उगाच सारखी करत राहिल्या. ते काम सात रस्त्याला गेलं की मुलगी चाकणला गेली, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

प्रतिक्षाने डबा भिंतीपासून ओढून काढला. वायर काढली आणि मागे हात लावला. मी एवढा तापलो होतो की तिने हात झटकला. तळवा बघितला. तळवा काळा झाला होता. तिने कपाळावरचा घाम पुसला, तिथेही काळं लागलं. मग तिला माझ्या पाठीवर काहीतरी उचललेलं दिसलं. तिने नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून पिवळा कागद वर आला. तो कागद तिने इतकी वर्षं दर रविवारी फडक्याने पुसला होता. ती तो ओळखणार नाही तर कोण?

"दिपक," ती अगदी हळू म्हणाली. "ह्ये काय हाय?"

"काय?"

तिने तळवा पुढे केला.

"रंग हाय."

"नव्याचा रंग जातोय व्हय?"

दिपकने मान खाली घातली. आतून सिद्रामांचं घोरणं तेवढं येत होतं.

"मागं कोण बघतंय, असं वाटलं," तो शेवटी म्हणाला. "आन चालतच हुता की त्यो."

पारूबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुला त्ये कार्ड पायजे हुतं तर मागायचं हुतंस. रंगवायचं कशाला?"

"मागितल्यावर दिलं असतंस व्हय?"

"न्हाय."

"मग?"

"मग न्हाय खेळायचं."

मला वाटलं प्रतिक्षा आता त्याला धरून बडवेल. मी तर तयारच होतो बघायला. पण तिला भांडायलाही वेळ नव्हता. तिने आधी ते लाल दिव्याचं कार्ड उपसून बाजूला ठेवलं. चित्र दिसायला प्रोसेसरची स्वतःची सोय होती, कार्डाशिवाय काही अडणार नव्हतं. मग टाचणी घेऊन ती माझ्या जाळीची भोकं मोकळी करू लागली. दिपक तिच्या शेजारी बसला आणि दुसऱ्या टाचणीने पंख्यावरचे रंगाचे थेंब खरवडू लागला. टेबलफॅन मागच्या बाजूला आणला. किती दिवसांनी मला हवा लागली.

सगळं जोडून झाल्यावर प्रतिक्षाने माझ्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, "येवढं झेपंल का रे तुला?"

मित्रांनो, मी चिडका आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. पण त्या क्षणी मला चिडता आलं नाही. नेट कॅफेपासून आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला रडू आलं असतं, डोळे असते तर.

फाइल उघडली. छपाईला देण्याआधी पारूबाई पडद्याजवळ आल्या. हे नेहमीचंच होतं. गल्लीतलं घर न् घर त्यांना ठाऊक, त्यामुळे कोण सुटलंय ते त्याच तपासायच्या. बोट ठेवून त्यांनी एकेक ओळ बघितली, घराघराने, अगदी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत.

"सगळी हायती," त्या म्हणाल्या. "एक न्हाय."

अभिमन्यू दचकून उठला. "कोण ऱ्हायलं?"

"ही."

सगळे प्रतिक्षाकडे बघू लागले.

"ताईचं नाव टाकू की खाली," अभिमन्यू चाचरत म्हणाला. "बारक्या अक्षरात."

"बारक्या कशाला? तुमची तोंडं तिनं मोठीच केली न्हवं?"

"आई, ऱ्हाऊ दे," प्रतिक्षा म्हणाली. "जागा बी न्हाय, आन मशीनला आणखी एक फोटो झेपायचा न्हाय."

महिनाभर प्रत्येक चेहऱ्यावर मी कुरकुरलो होतो. पण त्या दिवशी माझं निमित्त पुढे करून तिचा चेहरा वगळला जातोय, हे बघून मला खरा संताप आला. टाक बाई, एकाने मी मरत नाही, असं सांगायला मला तोंड नव्हतं.

तेव्हा दिपक म्हणाला, "माझं काढ. गॉगलवालं. तितं तुझं टाक."

"तू मंडळात हायस."

"पुढच्या वर्षी येईन. काढ."

एक उतरवायचा, एक चढवायचा. भाराचा हिशेब त्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा बरोबर केला होता. अभिमन्यूने स्वतःच्या मोबाइलवर तिथेच तिचा फोटो काढला. मोटारसायकलवरचा गॉगल गेला आणि तिथे ती आली. कपाळावर माझा काळा रंग तसाच होता. तो पुसायचं घाईत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग पट्टी सरकू लागली. बाहेर माग सुरू झाले, दिवा मलूल झाला. प्रोसेसर ओढत होता, रॅम ओढत होती. मी आयुष्यात एवढं कधी सोसलं नव्हतं. लेबलावर छापलेलं ते खोटं साडेचारशे त्या दिवशी मी जवळजवळ खरं केलं. पट्टी भरली. फाइल रुद्रप्पांकडे गेली. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, "ताई, आली. लई झ्याक झालीय. लावतो आता."

जयंती झाली. चौकात डिजिटल लागलं. बायका थांबून थांबून त्या एका चेहऱ्याकडे बोट करू लागल्या, अशी बातमी पारूबाई रोज नळावरून आणत. रुद्रप्पांनी शब्द पाळला. पारूबाईंनी मामाला फोन करून सांगून टाकलं, "न्हाय येत ती. तुमी त्या कंपनीवाल्याला दुसरी पोरगी बघा म्हणावं."

त्या कामाचे पहिले पैसे आले तेव्हा कार्ड विकून दिपकने त्याचेही त्यात घातले आणि नवा पॉवर सप्लाय आणला. मला बाहेर काढलं. या वेळी त्याने बहिणीला हाक मारून दारात बोलावलं. एका हातात मला धरलं, दुसऱ्या हातात त्या नव्याला. "ह्यो जुना," तो म्हणाला. "आन ह्यो नवा. नीट बघून घे." तिने दोघांनाही हातात घेऊन बघितलं, उलटसुलट करून. मग दिपकच्या डोक्यावर टपली मारली.

आज मी भंगारवाल्याच्या गाड्यावर आहे. माझ्या पोटातलं तांबं तो काढून घेईल, पत्रा वेगळा करील. त्याची मला तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की मला विचारायला सगळ्यांनी इतका उशीर केला. मित्रांनो, तुमचाही कॉम्प्युटर कधी जुना होईल आणि पैसे बेताचेच असतील. तेव्हा लाल दिव्याचं काही घेण्याआधी मागच्या कोपऱ्यात एकदा हात लावून बघा. तापलंय का, दमलंय का, ते बघा. आणि दमलं असेल तर त्याला रंग लावू नका.

गाडा आत्ताच चौकात आलाय. डिजिटल अजून आहे, कुणी उतरवलेलं नाही. इतके दिवस मी त्या चेहऱ्यांना वीज पुरवली, पण माझं तोंड कायम भिंतीकडे. ते आज पहिल्यांदा दिसतायत. ओळीच्या ओळी आहेत, सगळे अगदी ऐटीत. त्यांच्यात एक मुलगी आहे. तिच्या कपाळावर काळा डाग आहे, आणि तो माझा आहे.